मेगा ड्राइव्ह की सुपर निन्टेन्डो? चवथीचं भांडण मिटवा कोणी तरी

माशेलकर८४

मंडळी, आमच्या घरी चवथीपासून एक भांडण सुरू आहे. गणपती पोचवून झाले पण हे भांडण काही पोचत नाही, म्हणून इथे आणलं.

माझा मामा बोटीवर होता. ९२ साली त्याने कोबेहून मेगा ड्राइव्ह (सेगा कंपनीचं टीव्हीला लावायचं व्हिडिओ गेमचं मशीन) आणला आणि मग दर खेपेला एकेक कॅसेट. मधली वीसेक वर्षं तो कपाटावर पडून होता, यंदा चवथीच्या साफसफाईत खाली काढला, लावला तर चालू! (मूळ अॅडॉप्टर पहिल्याच दिवशी गेला होता, जपानचा १०० व्होल्टवाला आम्ही थेट भिंतीच्या प्लगात घातला, वास आला तोपर्यंत खेळ खलास, मामी अजून ऐकवते.) आणि माझा मावसभाऊ असतो इंग्लंडात स्विंडनला, तो यंदा आला तर बॅगेत स्वेटरात गुंडाळलेला सुपर निन्टेन्डो (निन्टेन्डो कंपनीचं तसलंच मशीन), तिकडे जुन्या बाजारात मिळाला म्हणे. तर आता माटोळी (गणपतीवर फळं-भाज्या टांगतो ती चौकट) उतरली त्याच जागेखाली दोन मशीनं, एक टीव्ही आणि आम्ही दोघं चाळिशीचे घोडे.

माझ्याकडे गोल्डन अॅक्स, बेअर नकल २, थंडर फोर्स ३ आणि स्ट्रीट फायटर २ डॅश प्लस. त्याच्याकडे साधा स्ट्रीट फायटर २, फायनल फाइट, सुपर आर-टाइप आणि निन्जा टर्टल्स.

शाळेत असताना आम्ही फोंड्याला बसस्टँडाजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरात जायचो, बसच्या पैशांची टोकनं घ्यायची आणि मग लिफ्ट मागत घरी. तर प्रश्न एवढाच, की त्या पार्लरच्या जवळ कुठलं मशीन जातं? माझ्या हाताला मेगा ड्राइव्ह एकदम चपळ लागतो, बटण दाबलं की ठोसा. त्याच्या मशीनवर स्ट्रीट फायटरमधला तोच रियू उडी मारतो तर वर जाऊन माडावरचे नारळ मोजतो आणि मग खाली येतो. भाऊ म्हणतो रंग बघ, आवाज बघ. रंग आहेत, मान्य. पण खेळ मंद आहे हे त्याला दिसत नाही की कबूल करायचं नाही ते मला कळत नाही.

आणि दुसरं, फायनल फाइटमध्ये दुसरा रिमोट का चालत नाही? अर्धा तास पिना पुसत बसलो होतो.

"दोन्ही आपापल्या जागी चांगले" असं कोणी लिहू नका प्लीज, ते माझ्या आईने आधीच सांगितलंय.

म्हापसा_टोकन

पिना पुसणं थांबव बाबा 😂 सुपर निन्टेन्डोच्या फायनल फाइटला दुसरा प्लेअर नाहीच. खेळ बनवणाऱ्या कॅपकॉमने तो काढूनच टाकला. शिवाय तीन हिरोंतला 'गाय' नावाचा गडी पण गायब, फक्त कोडी आणि हॅगर, आणि कारखान्याची अख्खी लेव्हल उडवली. आणि स्क्रीनवर एका वेळी तीनच गुंड येतात, मोजून बघ. पार्लरात १९८९ चा जो फायनल फाइट होता त्यात तुला कोपऱ्यात घेऊन सहा-सात जण हाणायचे, मजा तीच तर होती. इथे तिघं आले, मारले, पुढचे तिघं या, रेशनच्या रांगेसारखं.

उत्तर मेगा ड्राइव्ह आणि त्याला कारण आहे, नुसतं प्रेम नाही. सेगा ही मुळात पार्लरच्या मशिनांची कंपनी. त्यांचा सिस्टिम १६ म्हणून बोर्ड होता, त्यावर गोल्डन अॅक्स चालायचा, शिनोबी चालायचा, आणि १९८८ ला मेगा ड्राइव्ह काढला तो त्याच बोर्डाच्या धर्तीवर. आत मोटोरोला ६८००० प्रोसेसर, साडेसात मेगाहर्ट्झच्या वर. तोच ६८००० कॅपकॉमच्या पार्लरच्या बोर्डात, सीपीएस-१ मध्ये, तोच निओ जिओ मशिनात. म्हणजे सगळ्यांच्या मडक्यात तांदूळ एकच, कोणाचा जास्त शिजलेला कोणाचा कमी एवढंच. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झ आणि कॅसेट स्वस्तातली असली तर २.६८. आता बोल.

आवाजाचं पण तसंच. त्या काळी पार्लरच्या मशिनांत यामाहाच्या एफएम चिपा असायच्या आणि मेगा ड्राइव्हमध्ये पण यामाहाचीच एफएम चिप, म्हणून तो करकरीत पत्र्यासारखा बेस ऐकला की मला सरळ बोडगेश्वराच्या जत्रेतला तंबू आठवतो, बाहेर खाज्याची दुकानं, आत धूळ आणि चार मशीनं, आणि मागे उभं राहून "बटण सगळीं दाब रे" म्हणणारे फुकटचे सल्लागार. बेअर नकल २ लावून आवाज मोठा कर, युझो कोशिरोचं संगीत आहे, भाऊ आपोआप गप्प होईल.

केपेंचो_केन

झालं, आले सेगावाले मेगाहर्ट्झ मोजायला. टोकनबाब, निन्टेन्डोतला तो ६५८१६ वेगळ्या घराण्यातला प्रोसेसर आहे, एका ठोक्यात तो जे काम करतो त्याला ६८००० ला जास्त ठोके लागतात, म्हणून आकडे शेजारी ठेवून "दुप्पट फास्ट" म्हणणं म्हणजे बैलगाडीची चाकं मोजून वेग सांगण्यासारखं. मेगाचा वरचढ आहे हे मी पण मानतो पण तू सांगतोस तेवढा नाही.

आणि पार्लर म्हणजे नुसता गोल्डन अॅक्स का? आमच्या कुडचड्याला रांग लागायची ती स्ट्रीट फायटर २ ला. सहा बटणं. आता माशेलकर, तू सांग तुझ्या मामाच्या मेगाला रिमोट कुठला, तीन बटणांचा ना? मग तू ठोसा आणि लाथ बदलायला मधला स्टार्ट दाबत बसतोस. हे तुला पार्लरसारखं वाटतं?? सुपर निन्टेन्डोला चार बटणं समोर आणि दोन खांद्यावर, सहाच्या सहा पहिल्या दिवसापासून. म्हणून तर १९९२ ला स्ट्रीट फायटर पहिल्यांदा तिकडे आला, १६ मेगाबिटची कॅसेट, आणि सेगाला १९९३ मध्ये सहा बटणांचा नवीन रिमोट काढावा लागला त्याच खेळासाठी.

रंग: मेगा एका वेळी ६४ दाखवतो, सुपर निन्टेन्डो २५६. आणि मेगावर रियूची "हाडोकेन" आरोळी ऐकलीयस ना, डब्यात तोंड घालून ओरडल्यासारखं. एफएम चिप वाद्यांना छान, पण माणसाचा आवाज वाजवायला तिच्यात एकच चॅनल आहे. निन्टेन्डोत सोनीने बनवलेली आठ चॅनलची चिप, ती रेकॉर्ड केलेले आवाजच वाजवते.

टर्टल्स लाव भावाबरोबर, दोघं खेळता येतो. गुंडाला उचलून थेट टीव्हीच्या काचेवर फेकायचं, ते पार्लरच्या मशीनवर होतं पण निन्टेन्डोने त्यावर एक लेव्हलच रचली, खलनायक श्रेडरला तसंच हाणायचं. यापेक्षा पार्लर काय हवं.

म्हापसा_टोकन

मेगाच्या डॅश प्लसमध्ये चारही बॉस (शेवटचे मोठे शत्रू) घेऊन खेळता येतं, तुझ्या १९९२ वाल्यात येतं का? नाही. २४ मेगाबिट आहे तो. आणि हायपर मोड लाव, स्पीड तुझ्या बापजन्मी बघितली नसशील.

आणि मॉर्टल कॉम्बॅट? मेगावर ए बी ए सी ए बी बी टाकलं की रक्त, निन्टेन्डोवर घाम. घाम!! राखाडी घाम उडतो मारलं की. गोव्याच्या मे महिन्यात खेळतात जसं काही.

केपेंचो_केन

दुसऱ्या भागात निन्टेन्डोने रक्त ठेवलं होतं, आणि तो तुमच्यापेक्षा चांगला होता. पुढे बोल.

सोल्डरबाब

जरा थांबा दोघं. वास्कोत पंचवीस वर्षं टीव्ही आणि असलं सगळं दुरुस्त करतोय, माशेलकरांनी पहिल्या पोस्टीत उत्तर स्वतःच लिहिलंय आणि कोणी वाचलं नाही.

मेगा ड्राइव्ह कोबेचा. सुपर निन्टेन्डो इंग्लंडचा. म्हणजे एक मशीन ६० हर्ट्झचं आणि दुसरं ५० चं. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचा, इंग्लंड-युरोपात ५० वेळा, आपल्याकडे पण ५०, या पद्धतीचं नाव 'पाल'. हे जुने खेळ चित्रावर चालतात, म्हणजे एक चित्र = खेळाचं एक पाऊल. तर तोच खेळ युरोपच्या मशीनवर लावला की सेकंदाला दहा पावलं कमी पडतात, सुमारे १७ टक्के मंद, संगीतासकट. कंपन्यांनी नीट जुळवून घ्यायला हवं होतं पण बहुतेकांनी ते कष्ट घेतले नाहीत, तसंच विकलं. शिवाय पाल टीव्हीच्या रेषा जास्त म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि माणसं चेपल्यासारखी बुटकी दिसतात. माशेलकर, भावाच्या मशीनवर पट्ट्या आहेत का बघा. असतील तर तुमचा रियू नारळ मोजतोय त्यात निन्टेन्डोचा काही दोष नाही, तो पायाला पोतं बांधून पळतोय.

दुसरी परीक्षा: लहानपणी मेगा तुमच्या टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाइट दिसायचा का? जपानी मशीनचा सिग्नल तिकडच्या एनटीएससी पद्धतीचा, आपले तेव्हाचे टीव्ही पालचे, चित्र यायचं पण रंग नाही, आणि चित्र खालून वर फिरत राहिलं तर मागचं बटण पिळून थांबवायचं. गल्फहून आणि बोटीवरून आलेली अशी कितीतरी मशीनं "बिघडलीत" म्हणून माझ्याकडे यायची. बिघाड काही नसायचा.

तिसरं, आता ज्या टीव्हीवर खेळताय तो सपाटवाला असेल. हे टीव्ही जुन्या मशीनचं चित्र ओळखत नाहीत, त्याला डीव्हीडी समजून ओढाताण करतात आणि त्यात वेळ खातात, बटण दाबल्यापासून ठोसा दिसेपर्यंत फरक पडतो. सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर लावा. खरं तर भंगारवाल्याकडे जाऊन जाड काचेचा टीव्ही शोधा, डिचोली-साखळीकडे अजून मिळतात, लोक उचलायला कोणी मिळत नाही म्हणून फुकट देतात.

आणि कॅसेटींना फुंकर मारू नका. आपल्याकडची हवा आधीच खारी आणि दमट, त्यात तोंडाची वाफ, पिना हिरव्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. एकाने माझ्याकडे फेणी लावून आणली होती. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं बाबांनो, शिवाय महिनाभर दुकानाला काजूचा वास.

माशेलकर८४

सोल्डरबाब 🙏🙏

पट्ट्या आहेत!! वर एक खाली एक, चांगल्या जाड. आम्हाला वाटलं टीव्हीचं सेटिंग. आणि हो, ब्लॅक अँड व्हाइट, अगदी खरं, आमचा मेगा ९२ पासून आमच्या दहावीपर्यंत काळा-पांढराच होता, आम्हाला वाटायचं मामाने स्वस्तातला आणला. गोल्डन अॅक्समध्ये तंबूजवळ ते बुटके चोर येतात ना, निळ्याला लाथ मारली की जादूच्या बाटल्या पडतात, हिरव्याला मारली की मांस. आम्हाला दोन रंगांचे आहेत हे माहीतच नव्हतं. आम्ही समजायचो नशीब. मावसभाऊ तर लाथ मारण्याआधी देवाचं नाव घ्यायचा. या चवथीला पहिल्यांदा रंगात बघितलं आणि दोघं पाच मिनिटं नुसते हसत होतो.

पण मग प्रश्न तसाच राहतो ना? ५० चं ६० केलं तर कोण जिंकेल? भाऊ रविवारी जातो. आणि आता त्याचं नवीन म्हणणं, की "माझं मशीन बांधलेल्या पायाने तुला एवढं झुंजवतंय".

चुनलीताय

मी सहसा वाचून गप्प बसते पण "पार्लरसारखं" हा शब्द सगळे असा वापरताय की जणू पार्लर सगळ्यांचं होतं, म्हणून लिहिते.

मी पणजीत वाढले. पार्लरात मुली जात नव्हत्या. कोणी बोर्ड लावला नव्हता पण जात नव्हत्या. मी दादाचं बोट धरून दोनदा गेले, दोन्ही वेळा मालकाने विचारलं "बाय कोणाक जाय?", तिसऱ्यांदा दादाच नको म्हणाला. त्यामुळे तुम्ही सगळे ज्याची घरी नक्कल शोधताय ते मी दारातून बघितलेलं आहे, आणि घरातलं मशीन हेच माझं पार्लर. पुढे दादा दुबईला गेला आणि त्याने पाठवला सेगा सॅटर्न, सेगाचं नंतरचं मशीन, मग मी त्याला सलग चार वर्षं सुट्टीत हरवलं.

आता मुद्द्याचं. मेगा आणि सुपर निन्टेन्डो दोघंही पार्लरची नक्कल करत होते, एकाची चांगली एकाची बरी. नक्कल नसलेलं घरातलं मशीन एकच, निओ जिओ. १९९० चं. पार्लरच्या बोर्डात आणि घरच्या डब्यात आतलं सामान तेच, खेळ तोच, एका फ्रेमचा फरक नाही. अमेरिकेत मोठा संच ६४९ डॉलरला होता आणि एकेका कॅसेटीची किंमत ऐकून दादा म्हणाला होता याच्यात स्कूटरचं डाउन पेमेंट होईल. आपल्या पार्लरांत केओएफ (किंग ऑफ फायटर्स) ९७ आणि मेटल स्लग जे होतं ते यावरचंच, म्हणून तुम्हाला खरंच "पार्लरचं" घरी हवं असेल तर वाद या दोन मशिनांत नाहीच.

आणि माझ्या सॅटर्नबद्दल दोन ओळी, कारण त्याला कोणी विचारत नाही. एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर, पार्लरात दोन-दोन जणांची टीम, मध्येच बदलता येते. प्लेस्टेशनवर आला तेव्हा मेमरी पुरेना म्हणून बदलणंच काढून टाकलं, म्हणजे खेळाचा जीवच. सॅटर्नला ४ मेगाबाइटचं जादा मेमरीचं कार्ट लावायचं आणि पार्लरसारखी टीम चालायची. उलट टेक्केनचं बघा, तो बनवणाऱ्या नामकोने पार्लरचा बोर्डच प्लेस्टेशनच्या सामानावर बांधला होता, म्हणून घरी आणताना काही कापावं लागलं नाही. थोडक्यात कंपनीची भक्ती सोडा, खेळ कुठल्या बोर्डावर जन्मला ते बघा आणि त्याचा नातलग शोधा.

टोकनबाब, तुम्ही इतकं बोललात, 'मुस्तफा' हा खेळ कुठल्या मशीनवर खेळता घरी? 😊

म्हापसा_टोकन

ताय, वर्मावर बोट ठेवलंत.

मुस्तफा कुठेच नाही. माहीत नसलेल्यांसाठी, पार्लरातला मुस्तफा म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३, कॅपकॉम, सीपीएस-१ च्या सुधारलेल्या बोर्डावर. खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यांत जोरात पळायचा म्हणून खेळच त्याच्या नावाने. तिघं एकदम खेळायचे. ना मेगावर आला ना सुपर निन्टेन्डोवर. सेगा सीडीवर (मेगाला जोडायचं सीडीचं मशीन) त्याच नावाचा एक आहे पण तो वेगळाच, नुसती गाडी चालवायची. म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानाने ज्याच्यावर सगळ्यात जास्त टोकनं जाळली तो खेळ यातल्या एकाही मशीनवर नाही आणि आम्ही इथे तीस वर्षं भांडतोय.

तरी पण माशेलकर, दोनच मशिनांत विचारशील तर मारामारी आणि विमानं मेगावर. विमानांचं तर बोलायलाच नको, सुपर आर-टाइपच्या पहिल्याच लेव्हलला स्क्रीनवर चार वस्तू जास्त आल्या की अख्खा खेळ पेंगतो. ते ५० हर्ट्झमुळे नाही, जपानी मशीनवर पण तसंच.

केपेंचो_केन

हे मान्य. (लिहून ठेवा.) ग्रेडियस ३ पण, तो विमानांचाच, तसाच पेंगायचा. २०१९ मध्ये एका हौशी माणसाने त्याचा कोड निन्टेन्डोच्याच एसए-१ चिपेवर चालेल असा बदलला, त्याच घराण्याचा प्रोसेसर पण १०.७४ मेगाहर्ट्झचा, आणि पेंगणं गेलं. म्हणजे दोष प्रोसेसरच्या दमाचा होता हे सिद्ध झालं. पहिल्या वर्षातले खेळ घाईत केलेले होते हे पण धरा, नंतरच्या लोकांना ते मशीन कळलं.

पण स्ट्रीट फायटर सहा बटणांवरच. यावर मी मागे हटणार नाही.

सोल्डरबाब

माशेलकर, शुक्रवारी वास्कोकडे येणं होत असेल तर निन्टेन्डो घेऊन या. आतल्या चित्राच्या दोन चिपांच्या एकेक पिना उचलून ५०/६० चा स्विच बसतो, तासाभराचं काम. सपाट टीव्ही ते चित्र घेईल बहुतेक, माझ्याकडे बघूनच देतो. झुवारीच्या पुलावर ट्रॅफिक असतो, सकाळी निघा. आणि मेगाचा आत्ताचा अॅडॉप्टर पण आणा, मॉडेल १ आणि मॉडेल २ ची पिन आतून उलटी असते, प्लस-मायनस बदलतो, तुमच्या मामीला दुसऱ्यांदा बोलायची संधी देऊ नका.

माशेलकर८४

अपडेट देतो, उशीर झाला, भाऊ काल गेला.

शुक्रवारी वास्कोला जाऊन आलो, सोल्डरबाबनी पैसे घेतले नाहीत, नेवऱ्या घेतल्या. (अॅडॉप्टर बरोबर निघाला, मामीला सांगितलं, विश्वास नाही.) स्विच मागे बसवलाय, छोटा, खेळ चालू असताना पाडता येतो. तो पाडला तेव्हा भावाचा चेहरा बघण्यासारखा होता, पट्ट्या गेल्या, रियू उंच झाला आणि धाडकन खाली. तो म्हणाला "मग मी तिकडे वीस वर्षं काय खेळत होतो". शेजारचा मुलगा आलेला, त्याने स्विच दहा वेळा वर-खाली केला, त्याला तोच खेळ वाटला.

मग शनिवारी रात्री बसलो ते पहाटे साडेतीनला उठलो. स्ट्रीट फायटर: केपेंच्या केनचं बरोबर, ६० वर सुपर निन्टेन्डोच चांगला लागतो हाताला, खांद्यावरच्या बटणांनी मोठा ठोसा आणि मोठी लाथ, मी जुन्या सवयीने स्टार्ट दाबून तीन वेळा खेळ पॉज केला. बॉस खेळता येत नाहीत ही चुटपुट आहेच. टर्टल्स दोघांनी एका बैठकीत संपवला, आणि डब्यावर निन्जाच्या जागी "हीरो" लिहिलंय, इंग्लंडात तेव्हा निन्जा शब्द चालत नव्हता म्हणे.

सुपर आर-टाइप टोकनबाब म्हणाले तसाच, आधी हळू पेंगायचा आता जोरात पेंगतो. थंडर फोर्स ३ लगेच नंतर लावला, भाऊ काही बोलला नाही, फक्त पुढे सरकून बसला. बेअर नकल २ मध्ये पाच-सहा जण एकदम अंगावर आले तेव्हा आम्ही दोघं पाठीला पाठ लावून उभे, आणि तो ओरडला "तुझ्या बाजूक बघ रे", तेच वाक्य, तोच सूर, फोंड्याच्या पार्लरातला. आई उठून आली आणि तिने विचारलं कोण मेलं.

फायनल फाइट एकट्यानेच खेळायचा हे काही स्विचने बदललं नाही, तर आम्ही एक जीव तू एक जीव मी असं केलं, आणि जो बाहेर बसायचा तो मागून सल्ले द्यायचा.

भाऊ मशीन इथेच ठेवून गेला. कारण प्रेम नाही, आईने सुकं बांगडं आणि नेवऱ्या भरल्या आणि बॅगेचं वजन वर गेलं. पुढच्या चवथीपर्यंत माझ्याकडे.

आता एक काम आहे, मेगासाठी सहा बटणांचा रिमोट कोणाकडे जादा आहे का? ओरिजिनल हवा, डुप्लिकेट एक मागवला होता त्याचा खालचा बाण दुसऱ्या दिवशी अडकला आणि खालचा बाण नसेल तर हाडोकेन कसला.

चुनलीताय

माझ्याकडे दोन आहेत, एक देते. पण विकत नाही. पणजीला या आणि केओएफ ९७ मध्ये मला तीनपैकी एकदा हरवा, मग घेऊन जा.

म्हापसा_टोकन

माशेलकर, रिमोट विसर. मी गेलो होतो मागच्या वर्षी.